आख्खी वेबसाइट पेन ड्राइव्हवर: एचटीट्रॅकच्या आतल्या सेटिंग्ज

धडगाव-अक्कलकुव्याच्या वरच्या पट्ट्यात शाळांना संगणक मिळतात, नेटचा मात्र भरवसा नसतो. तोरणमाळच्या घाटात एका वळणावर रेंज येते, पुढच्या वळणावर जाते. खालून कुणी वर गेलं, की साक्री-शिरपूरकडचे मास्तर आधी विचारतात, "नेट शे का?" तेव्हा शहादा किंवा नंदुरबारला, जिथे नेट धड चालतं तिथे, वेबसाइट उतरवून घ्यायची आणि पेन ड्राइव्हने वर न्यायची, हा मार्ग स्वस्तही आहे आणि खात्रीचाही. त्यासाठी एचटीट्रॅक हा जुना प्रोग्रॅम मी वापरतो. झेवियर रोश यांनी तो १९९८ मध्ये आणला. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यामुळे तो फुकट आहे. विंडोजवर त्याला विनएचटीट्रॅक म्हणतात, लिनक्सवर वेबएचटीट्रॅक. खिडक्यांचा तोंडवळा विंडोज ९८ च्या काळातला आहे, त्याकडे दुर्लक्ष करा.

प्रोजेक्टला नाव द्यायचं, पत्ता टाकायचा, नेक्स्ट दाबत राहायचं, एवढं कुणालाही जमतं. पण एवढंच केलं तर बहुतेक वेळा एकतर पहिलं पान येऊन काम थांबतं, नाहीतर प्रोग्रॅम रात्रभर धावतो, डिस्क भरते आणि पोरांना हवा असलेला धडा त्यात नसतोच. खरी कामाची जागा आहे ती पत्त्याच्या चौकटीखालचं 'सेट ऑप्शन्स' हे बटण. त्यामागे दहा-बारा टॅब आहेत आणि जवळजवळ सगळ्यांचं काम एकच: काय आणायचं नाही ते सांगणं.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक खुलासा. पुढचे नियम मी देवनागरीत दिलेत. टाइप करताना मात्र सगळं इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत. 'पीडीएफ' म्हणजे त्या फाइलच्या नावाच्या शेवटी असतात ती तीन अक्षरं. अधिक, उणे, तारा, टिंब ही चिन्हं जशीच्या तशी.

आधी साइट उतरण्याजोगी आहे का ते बघा

ब्राउझरमध्ये साइटचं एखादं आतलं पान उघडा आणि कंट्रोल-यू दाबा. पानाचा मूळ कोड दिसेल. त्यात धड्यातलं एखादं मराठी वाक्य शोधा. सापडलं तर एचटीट्रॅक ते पान आणू शकेल. वाक्य कुठेच नाही, नुसता जावास्क्रिप्टचा गुंता आहे, तर ते पान ब्राउझरमध्ये उघडल्यावर तयार होतं. एचटीट्रॅक ब्राउझर नाही. तो कोड वाचून त्यातल्या लिंका हुडकतो, पान रंगवत नाही. अशा साइटवर कितीही सेटिंग्ज फिरवल्या तरी हाती सांगाडाच येणार. दहा-वीस पानंच हवी असतील तर सिंगलफाईल हे ब्राउझरचं एक्स्टेन्शन घ्या. ते समोर दिसणारं पान चित्रांसकट एकाच फाइलमध्ये बंद करतं.

मराठी विकिपीडिया असा उतरवू नका. तो आधीच बांधून ठेवलेला मिळतो. किविक्स हा वाचक प्रोग्रॅम आणि मराठी विकिपीडियाची झिम फाइल घेतली की शोधाच्या सोयीसकट सगळं नेटशिवाय चालतं. मराठी विकिस्रोतावरची पुस्तकं ईपब या ई-पुस्तकाच्या स्वरूपात थेट उतरवता येतात. अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींचं लेखन आता हक्कमुक्त आहे, कारण भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि गुरुजी १९५० मध्ये गेले. बाकी साइटच्या बाबतीत वापराच्या अटी वाचा. शाळेच्या खोलीत वाचायला ठेवणं आणि प्रती काढून वाटणं यात फरक आहे. शंका वाटली तर साइटवाल्यांना ईमेल करा. शाळेसाठी म्हटल्यावर काही जण सरळ झिप फाइलच पाठवतात, मग पुढची सगळी खटपट वाचते.

पत्ता कुठला द्यायचा

धरा, एक शैक्षणिक साइट आहे. तिच्यात मराठी, हिंदी, इंग्रजी असे तीन फोल्डर, प्रत्येकात धडे, चित्रं आणि सरावाच्या पीडीएफ. शिवाय बातम्या, कार्यक्रमांचं कॅलेंडर आणि व्हिडिओ. तुम्हाला फक्त मराठी हवंय.

मुखपृष्ठाचा पत्ता देऊ नका, मराठी फोल्डरचा द्या. 'एक्सपर्ट्स ओन्ली' टॅबमध्ये 'ट्रॅव्हल मोड' नावाची निवड असते. मुळात ती 'कॅन गो डाउन' वर असते, म्हणजे दिलेल्या फोल्डरपासून खाली जायचं, वर चढायचं नाही. त्याखालच्या 'ग्लोबल ट्रॅव्हल मोड'मध्ये 'स्टे ऑन द सेम अॅड्रेस' असतं, म्हणजे दुसऱ्या साइटवर जायचं नाही. दोन्ही तसंच राहू द्या. नुसता पत्ता नेमका दिला की हिंदी-इंग्रजीचे दोन फोल्डर आपोआप वगळले जातात, एकही नियम न लिहिता. त्याच यादीत 'गो एव्हरीव्हेअर' अशीही निवड आहे. तिच्या वाटेला जाऊ नका. एका लिंकवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी असं करत तो जगभर हिंडतो.

स्कॅन रूल्स: इथे वेळ घाला

हा टॅब नीट समजला तर बाकीचे निम्मे टॅब उघडावेही लागत नाहीत. एका ओळीत एक नियम लिहा. अधिक चिन्हाने सुरू होणारा नियम म्हणजे घे, उण्याने सुरू होणारा म्हणजे सोड. तारा म्हणजे काहीही. आणि एकाच फाइलला दोन नियम लागू होत असतील तर यादीत खाली असलेला जिंकतो. हे विसरलं की तासन्‌तास डोकं खाजवत बसावं लागतं, म्हणून आधी मोठा नियम आणि त्याखाली अपवाद, हाच क्रम ठेवा.

टॅब उघडताच तिथे आधीच काही नियम दिसतील: पीएनजी, जिफ, जेपीजी, सीएसएस, जेएस या फाइली घ्या, असं सांगणारे. त्यांना हात लावू नका. आपण मराठी फोल्डरपासून सुरुवात केली, पण साइटची चित्रं आणि पानाची मांडणी बहुधा वरच्या कुठल्यातरी सामाईक फोल्डरमध्ये असते. खाली जाण्याची परवानगी आहे, वर चढण्याची नाही. या नियमांमुळेच चित्रं वरूनही येतात. ते पुसले की धडे उघडे-बोडके येतात.

आता पीडीएफ. '+*.पीडीएफ' लिहिलं तर पीडीएफ कुठलीही असो, येईल. कुठलीही म्हणजे दुसऱ्या साइटवरचीसुद्धा, धड्यात तिची लिंक असली की झालं. कधी तेच हवं असतं, कधी त्यातून सरकारी अहवालांचे गठ्ठे येऊन पडतात. फक्त याच साइटच्या हव्या असतील तर ताऱ्याच्या जागी आधी साइटचं नाव, मग तिरकी रेघ, मग '*.पीडीएफ'.

फक्त पीडीएफच हव्या असतील तर लोक वर '-*' लिहितात आणि खाली '+*.पीडीएफ'. वाचायला बरोबर वाटतं, पण पहिल्या पानावरच काम आटोपतं. पीडीएफच्या लिंका आतल्या पानांवर असतात आणि 'काहीही घेऊ नको' या नियमाने ती पानंही नाकारलेली असतात. म्हणून मध्ये तिसरी ओळ हवी: साइटचं नाव, मराठी फोल्डर आणि '*.एचटीएमएल' असलेली, अधिक चिन्हाची. साइटच्या पत्त्यांना शेवटी एचटीएमएल नसेल, नुसती तिरकी रेघ असेल, तर नियमही तसाच शेवट करून लिहा. आधी साइटवर हिंडून चार-पाच पत्ते डोळ्यांनी वाचून घ्या, त्यांची घडण कळल्याशिवाय नियम लिहिता येत नाहीत.

कॅलेंडर हा सगळ्यात मोठा खड्डा. 'पुढचा महिना' ही लिंक कधी संपत नाही, एचटीट्रॅक इमानेइतबारे २०४० सालापर्यंत जातो आणि प्रत्येक रिकामा महिना एक पान म्हणून साठवतो. पत्त्यात इंग्रजीत 'कॅलेंडर' येत असेल तर उणे, तारा, तो शब्द, तारा अशी एक ओळ पुरते. असाच दुसरा खड्डा प्रश्नचिन्हाचा. पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर येतं ते क्रम लावणं, छपाईची प्रत, प्रतिक्रियेला उत्तर असलं काहीबाही. एकच पान दहा पत्त्यांनी दहादा येतं. '-*?*' या नियमाने ते सगळं बंद होतं. पण काही साइटची मूळ पानंच प्रश्नचिन्हाने उघडतात, जुन्या सरकारी साइट तर हमखास. तिथे हा नियम लावला तर काहीच येणार नाही. अशा वेळी प्रश्नचिन्हानंतरचे नको ते शब्द एकेक करून वगळा.

आकारावरही नियम लावता येतो. '-*.पीडीएफ*[>२००००]' म्हणजे २०,००० केबीपेक्षा, साधारण २० एमबीपेक्षा मोठी पीडीएफ नको. आकडा इंग्रजी अंकांत टाइप करा. सर्व्हरने आकार आधी सांगितला नाही तर मर्यादेपर्यंत उतरून अर्धवट तुटलेली फाइल पडून राहू शकते, तेवढी नंतर बघून पुसायची.

फाइलच्या प्रकारावरून, म्हणजे माइमवरून, नियम लिहिण्याचीही सोय आहे. '-माइम:व्हिडिओ/*' लिहिलं की व्हिडिओ बंद. पण पत्ता बघून नाकारायला सर्व्हरकडे जावं लागत नाही, प्रकार मात्र सर्व्हरने उत्तर दिल्यावरच कळतो. म्हणजे प्रत्येक व्हिडिओचं दार वाजवून परत फिरायचं. एमपी४ असं नावावरूनच ओळखू येत असेल तर नावाचाच नियम लावा.

खूप जुन्या मराठी साइटसाठी आणखी एक. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर स्वतःच्या खास फाँटमध्ये असायचा आणि तो फाँट साइटवरच ठेवलेला असायचा. पान उतरलं आणि अक्षरांच्या जागी इंग्रजी खिचडी दिसली, तर फाँट राहून गेलाय. '+*.टीटीएफ', '+*.ईओटी', '+*.वॉफ' या ओळी घाला. ईओटी आताचे ब्राउझर वाचत नाहीत, तिथे टीटीएफ संगणकात बसवावा लागतो.

लिमिट्स आणि फ्लो कंट्रोल

'मॅक्झिमम मिररिंग डेप्थ' म्हणजे खोली. ३ लिहिलं तर तुम्ही दिलेलं पान आणि तिथून दोन क्लिकवर पोचता येतील ती पानं. रिकामं सोडलं तर खोलीला मर्यादा नाही. नियम चांगले लिहिलेले असतील तर रिकामंच बरं. खोलीने कापलं की मधलाच एखादा धडा तुटतो आणि का तुटला ते उमगत नाही. त्याखालची 'एक्स्टर्नल डेप्थ' शून्यच असू द्या. तिथे १ टाकलं तर तुमच्या नियमांना न जुमानता तो बाहेरच्या साइटवर जाऊ लागतो.

'साइट साइज लिमिट'मध्ये आकडा बाइटमध्ये लागतो, केबीत नाही. स्कॅन रूल्समध्ये केबी, इथे बाइट. २ जीबीसाठी दोनावर नऊ शून्यं. वेळेची मर्यादा सेकंदांत. पहिल्या चाचणीसाठी ही फार उपयोगी: ३०० टाका, पाच मिनिटं चालू द्या, मग काय आलं ते फोल्डर उघडून बघा. नको ते येतंय असं दिसलं तर नियम सुधारा आणि पुन्हा पाच मिनिटं. हे दोन-तीनदा केल्यावर मगच मर्यादा काढून मोठी फेरी लावा.

वेगाच्या बाबतीत माझं मत जरा कडक आहे. समोरचा सर्व्हर कुणाचा तरी आहे, कदाचित एखाद्या शिक्षकाने पदरमोड करून चालवलेला. 'फ्लो कंट्रोल'मध्ये जोडण्यांची संख्या २ करा, 'लिमिट्स'मध्ये सेकंदाला १ जोडणी. वेळ लागतो, लागू द्या. घाई केली तर सर्व्हर तुमचा पत्ताच अडवतो आणि मग त्या दिवशी काहीच मिळत नाही. 'स्पायडर' टॅबमध्ये रोबॉट्स फाइलचे नियम पाळायचे की नाही हे विचारतात. १९९४ पासून चालत आलेला तो संकेत आहे: साइटवाला त्यात लिहून ठेवतो, की यंत्रांनी कुठे फिरकू नये. पाळा. त्यातले बरेच मज्जाव कॅलेंडर आणि शोधपानांसारख्या जागांवर असतात, म्हणजे तुमचाच फायदा.

मोठी फेरी रात्री लावा. शेवटच्या पानावर, 'फिनिश' दाबण्याआधी, कधी सुरू करायचं ती वेळ टाकता येते आणि काम झाल्यावर संगणक बंद करायचीही खूण आहे. शेतीपंपाला रात्रपाळीची लाईट आली की आपल्याकडे शेतकरी बॅटरी घेऊन बांधावर जातो. इथे निदान झोपता तरी येतं. 'लिंक्स' टॅबमधलं 'गेट एचटीएमएल फाइल्स फर्स्ट' मात्र निवडून ठेवा. त्यामुळे आधी मजकूर उतरतो, चित्रं नंतर. मध्येच डेटा संपला तरी धडे वाचता येतात.

लाईट गेली तर

भारनियमन आहे, वादळी पाऊस आहे, इन्व्हर्टर जुना आहे. घाबरू नका. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'एचटीएस-कॅश' नावाचा फोल्डर असतो, कुठवर आलो याची नोंद त्यात राहते. तो कचरा समजून कधीही पुसू नका. पुन्हा सुरू करताना तेच प्रोजेक्टचं नाव निवडा आणि कामाच्या यादीत 'कंटिन्यू इंटरप्टेड डाउनलोड' घ्या. आलेलं पुन्हा उतरत नाही.

त्याच्याच शेजारी 'अपडेट एक्झिस्टिंग डाउनलोड' आहे. ते पूर्ण झालेल्या प्रतीसाठी: तो प्रत्येक पान बदललंय का एवढं विचारतो आणि बदललेलंच आणतो. दर सत्राच्या सुरुवातीला हे चालवलं की थोडक्या डेटात प्रत ताजी होते. पण इथे एक धोका आहे. साइटवाल्याने एखादा धडा काढून टाकला असेल तर अपडेट तुमच्याकडचाही पुसतो. 'बिल्ड' टॅबमध्ये 'डू नॉट पर्ज ओल्ड फाइल्स' अशी खूण आहे, ती करा. शाळेला जुना धडाही चालतो.

रोज बदलणाऱ्या गोष्टी मात्र उतरवण्यात अर्थ नाही. रावेरचे केळीचे भाव पेन ड्राइव्हवर नेऊन करणार काय? वर पोचेपर्यंत शिळे.

मराठी नावांची कटकट

पत्त्यातच देवनागरी असलेल्या साइट वाढल्यात. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइटचं, आणि पत्त्यात ते टक्क्याच्या चिन्हांसह ९ अक्षरांचं होतं. 'केळी' या चार चिन्हांच्या शब्दाची ३६ अक्षरं. विंडोजला संपूर्ण मार्ग साधारण २६० अक्षरांच्या आत लागतो, लिनक्सला फाइलचं नाव २५५ बाइटच्या आत, म्हणजे जेमतेम ८५ देवनागरी चिन्हं. लांबलचक शीर्षकाचे धडे इथे अडकतात.

पहिला उपाय सोपा: 'बेस पाथ', म्हणजे प्रत जिथे साठते त्या फोल्डरचा मार्ग, आखूड ठेवा. डेस्कटॉपवरच्या फोल्डरातल्या फोल्डरात नको, डी ड्राइव्हवर एका अक्षराचा फोल्डर. तेवढ्याने भागलं नाही तर 'बिल्ड' टॅबमध्ये 'लोकल स्ट्रक्चर टाइप' बघा. त्यात स्वतःची रचना देता येते. टक्का आणि लहान एच म्हणजे साइटचं नाव, टक्का आणि मोठं एम म्हणजे पत्त्यावरून काढलेला ३२ अक्षरांचा सांकेतिक आकडा, टक्का आणि लहान टी म्हणजे फाइलचा प्रकार. '%एच/%एम.%टी' अशी रचना दिली की सगळ्या नावांची लांबी एकसारखी होते. एम मोठ्या लिपीत, बाकी लहान. नावं वाचता येत नाहीत, पण पोरं लिंकवर टिचकी मारूनच जाणार, फाइलचं नाव कुणी वाचत नाही. ही निवड पहिल्या फेरीआधीच करा. मधूनच रचना बदलली तर सगळं पुन्हा नव्या नावांनी येतं.

लॉगिन लागत असेल तर

स्वतःचं खातं असेल आणि साइटची परवानगी असेल तरच. ब्राउझरमधल्या कुकीज, म्हणजे तुम्ही लॉगिन केलंय याची साइटने ठेवलेली खूण, टेक्स्ट फाइलमध्ये काढून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवल्या, की एचटीट्रॅक त्या वापरतो. फाइलचं नाव 'कुकीज', शेवट टीएक्सटी. आणि स्कॅन रूल्समध्ये 'लॉगआउट' हा शब्द वगळायची ओळ घाला. नाहीतर तो इतर लिंकांसारखीच ती लिंकही उघडतो, खात्यातून बाहेर पडतो आणि पुढची सगळी पानं 'कृपया लॉगिन करा' अशी येतात. फोल्डर दुसऱ्याला देण्याआधी कुकीजची फाइल पुसा, ती किल्लीच आहे.

'ब्राउझर आयडी' टॅबमध्ये प्रोग्रॅमची ओळख बदलता येते. मी शक्यतो बदलत नाही. त्याच टॅबमधली तळटीपही राहू देतो, कारण हे पान कुठल्या पत्त्यावरून कधी घेतलं याची नोंद ती प्रत्येक पानाच्या कोडमध्ये करून ठेवते.

वर नेण्याआधी

फेरी संपली की प्रोजेक्टच्या फोल्डरमधली 'एचटीएस-लॉग' ही टेक्स्ट फाइल उघडा आणि 'एरर' शब्द शोधा. ४०४ म्हणजे साइटवरच ते पान नाही, सोडून द्या. ४०३ म्हणजे सर्व्हरने नकार दिला. बऱ्याच फाइलींना तोच नकार असेल तर वेग आणखी कमी करून दुसऱ्या दिवशी 'कंटिन्यू' करा. ५०३ किंवा वेळ संपल्याच्या चुका असतील तर तेवढ्यापुरता सर्व्हर दमलेला होता, पुन्हा एकदा चालवलं की येतात. प्रत्येक चुकीच्या ओळीत ती लिंक कुठल्या पानावर होती तेही लिहिलेलं असतं, त्यामुळे तुटका धडा नेमका सापडतो.

मग वायफाय बंद करा. खरोखर बंद, नाहीतर न उतरलेलं चित्र नेटवरून येऊन दिसतं आणि सगळं छान आहे असं वाटतं. प्रोजेक्टच्या फोल्डरमधली 'इंडेक्स' फाइल उघडून प्रत्येक इयत्तेचा एक धडा आणि एक पीडीएफ तपासा.

हजारो बारक्या फाइली पेन ड्राइव्हवर एकेक करून टाकायला फार वेळ जातो. सेव्हन-झिपने सगळ्याची एक फाइल करा, ती न्या आणि शाळेच्या संगणकावर उलगडा. पेन ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, तेव्हा झिप करतानाच ४ जीबीहून लहान तुकडे पाडा. एचटीएस-कॅशचा फोल्डर वर न्यायची गरज नाही, तो खालच्या संगणकावर राहू द्या, पुढच्या अपडेटला तिथेच लागेल. शाळेच्या संगणकावर डेस्कटॉपवर 'इंडेक्स'चा शॉर्टकट ठेवा, त्याला मराठीत नाव द्या आणि फोल्डर 'रीड ओन्ली' करा.